दुब्रोव्हनिक : दोन दरवाजांमधले बंदर

युरोपच्या सहलीला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या यादीत लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम ही नावे ठरलेली असतात. परिषदेच्या निमित्ताने जाणारे आपले सहव्यावसायिक फार तर त्यात व्हिएन्नाची किंवा बर्लिनची भर घालतात. एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, क्रोएशियाच्या दक्षिण टोकाला वसलेल्या दुब्रोव्हनिक या बंदराचे नाव त्या यादीत क्वचितच असते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेचे चित्रीकरण तिथे झाल्यापासून तरुण मंडळींना ते ठाऊक झाले आहे. परंतु डॉक्टरांनी हे शहर आवर्जून पाहावे याचे कारण त्याहून कितीतरी जुने आहे. साथीच्या गावाहून आलेल्या माणसांना ठरावीक मुदत वेगळे ठेवण्याचा, आज ज्ञात असलेला सर्वांत जुना कायदा या शहराने १३७७ साली केला. २०२० साली जो शब्द आपल्या घराघरांत शिरला, त्या ‘क्वारंटाइन’चे हे आजोळ.

बंदराचे शहर चालवणे हा मोठा अवघड संसार असतो. दार सताड उघडे ठेवावे तर मीठ, रेशीम आणि बातम्या यांच्याबरोबर रोगराईही धक्क्यावर उतरते. दार लावून घ्यावे तर गावाची चूल पेटत नाही. समुद्राकाठच्या आपल्या गोमंतकीयांना हे वेगळे सांगायला नको. या पेचातून दुब्रोव्हनिकने काढलेली वाट तिथल्या दगडी इमारतींमध्ये आजही पायी चालत पाहता येते. तटबंदीच्या आतल्या जुन्या शहराला जमिनीच्या बाजूने दोन मुख्य दरवाजे आहेत : पश्चिमेचा पिले आणि पूर्वेचा प्लोचे. एकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर जेमतेम दहा मिनिटांचे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मी आणि माझे यजमान (ते भूलतज्ज्ञ आहेत) तिथे पाच दिवस होतो आणि त्या दहा मिनिटांच्या वाटेवरून रोज जात-येत होतो. वाचकांनाही त्याच क्रमाने, पश्चिमेकडून पूर्वेकडे, घेऊन जाण्याचा विचार आहे.

जाण्यापूर्वी थोडेसे

दुब्रोव्हनिकला रेल्वे नाही. विमानतळ शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर चिलिपी येथे आहे. भारतातून इस्तंबूल किंवा युरोपातील एखाद्या मोठ्या शहरामार्गे तिथे पोहोचता येते. १ जानेवारी २०२३ रोजी क्रोएशियाने युरो हे चलन स्वीकारले आणि त्याच दिवशी तो देश शेंगेन क्षेत्रात सामील झाला. त्यामुळे फ्रान्स-इटलीसाठी घेतलेला शेंगेन व्हिसा तिथेही चालतो. स्प्लिट शहराहून मोटारीने येणाऱ्यांना पूर्वी बोस्नियाच्या हद्दीतील नेउमची चिंचोळी पट्टी ओलांडावी लागे. जुलै २०२२ मध्ये पेल्येशात्स पूल खुला झाल्यापासून हा वळसा वाचला आहे. जुलै-ऑगस्टची गर्दी आणि ऊन टाळून मे महिन्यात किंवा सप्टेंबरअखेरीनंतर जावे. शाकाहारी मंडळींनीही घाबरू नये. ‘ब्लित्वा’ नावाची, आपल्या पालकाच्या जवळची हिरवी पालेभाजी बटाटा, लसूण आणि ऑलिव्ह तेल घालून सर्वत्र मिळते. ‘रोझाता’ हे तिथले गोड पक्वान्न आपल्या कॅरमल कस्टर्डचे सख्खे भावंड आहे.

इतिहासाची तोंडओळख असावी, म्हणजे दगड बोलू लागतात. सातव्या शतकात, आजच्या त्सावतात गावाच्या जागी असलेल्या एपिदाउरम या नगराचा विध्वंस झाल्यावर तिथले निर्वासित समुद्रातल्या एका खडकावर येऊन राहिले, अशी या शहराच्या जन्माची परंपरा आहे. त्या वसाहतीचे नाव रागूसा. समोरच्या डोंगरउतारावर स्लाव्ह लोकांची वस्ती होती. ओकच्या राईला त्यांच्या भाषेत ‘दुब्रावा’ म्हणतात, त्यावरून दुब्रोव्हनिक. दोन वस्त्यांमधली उथळ खाडी पुढे बुजवण्यात आली आणि एक शहर झाले. १२०५ ते १३५८ या काळात त्यावर व्हेनिसचे प्रभुत्व होते. त्यानंतर नावापुरते हंगेरीच्या राजाचे आणि पुढे ऑटोमन सुलतानाचे आश्रित राहून, सुलतानाला दरवर्षी १२,५०० सोन्याच्या मोहरा खंडणी पोहोचवून, या चिमुकल्या नगरराज्याने आपला कारभार आपल्या हाती ठेवला. १८०८ साली नेपोलियनच्या सैन्याने ते प्रजासत्ताक बरखास्त केले. प्रजासत्ताक म्हणताना एक खुलासा हवा : सत्ता काही मोजक्या उमराव घराण्यांच्या हाती होती. सामान्य नागरिकाला मताचा अधिकार नव्हता.

पिले दरवाजा : पाणी, औषध आणि बाळे

पिले दरवाजापुढचा पूल पूर्वी रोज संध्याकाळी उचलला जाई आणि दरवाजाच्या किल्ल्या नगरप्रमुखाच्या स्वाधीन होत. आज तिथून आत पाऊल टाकताच उजव्या हाताला एक मोठे, घुमटाकार, सोळा बाजूंचे कारंजे दिसते. इटलीहून आलेल्या ओनोफ्रिओ देल्ला काव्हा या स्थापत्यकाराने १४३६ ते १४३८ या काळात सुमारे १२ किलोमीटर अंतरावरच्या झऱ्यांचे पाणी पाटाने शहरात आणले. सोळा कोरीव मुखांतून ते आजही वाहते आणि ते पिण्याजोगे आहे. आम्ही पाचही दिवस तिथेच बाटल्या भरल्या. तोवर हे शहर मुख्यतः टाक्यांत साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर जगत होते. कोणत्याही गावाच्या आरोग्याचा इतिहास पाण्यापासून सुरू करावा हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. इथे तो दरवाजातच सुरू होतो.

कारंज्यासमोर डाव्या हाताला फ्रान्सिस्कन साधूंचा मठ आहे. त्यातील औषधालयाची स्थापना १३१७ सालची. युरोपातील सर्वांत जुन्या औषधालयांत त्याची गणना होते आणि आजही तिथे चिठ्ठी दाखवून औषध मिळते. शेजारच्या संग्रहालयात चिनी मातीच्या बरण्या, तराजू, खल आणि हस्तलिखित पाठ मांडून ठेवले आहेत. मठाच्या आतले अंगण दुहेरी खांबांच्या कमानींनी वेढलेले आहे. खांबांच्या माथ्यावर माणसांचे चेहरे, पशू आणि वेलपत्ती कोरली आहे. एकासारखे दुसरे नाही. हे अंगण उभारणारा मिहोये ब्रायकोव्ह हा पाथरवट १३४८ च्या प्लेगमध्ये मरण पावला. त्याची स्मृतिशिला तिथेच आहे. ज्या साथीने युरोपची कित्येक गावे निर्मनुष्य केली, ती या शहरातून कशी गेली असेल याची कल्पना त्या एका शिलेवरून येते. औषधालय तेव्हा एकतीस वर्षांचे होते. बरण्या भरलेल्या होत्या आणि त्यांतल्या कशाचाही उपयोग नव्हता.

कारंज्याच्या मागच्या बाजूला सेंट क्लारा मठाची जुनी वास्तू आहे. सहल-मार्गदर्शक तिथे फारसे थांबत नाहीत. बालरोगतज्ज्ञाने मात्र थांबावे. टाकून दिलेल्या तान्ह्या बाळांसाठी १४३२ साली दुब्रोव्हनिकच्या शासनाने या मठाच्या परिसरात एक आश्रम सुरू केला. या प्रकारच्या युरोपातील सुरुवातीच्या संस्थांपैकी ती एक. जन्मदाते कोण हे ठाऊक नसलेली बाळे जनावरांसारखी रस्त्यावर टाकली जातात आणि मृतावस्थेत सापडतात, ही माणुसकीला लाज आणणारी गोष्ट आहे, अशा आशयाची कारणमीमांसा त्या ठरावात आढळते. भिंतीत एक फिरते लाकडी कपाट बसवलेले होते. बाहेरून बाळ ठेवायचे, कपाट फिरवायचे, आतल्या बाजूला कुणीतरी ते उचलून घेई. ठेवणाऱ्या हाताचा चेहरा दिसत नसे आणि त्याला प्रश्नही विचारला जात नसे. आत दायांची सोय होती आणि खर्च सरकारी तिजोरीतून होई. याच शहराने १४१६ साली गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली होती, हेही इथेच नोंदवते.

मराठी वाचकाला इथे पुणे आठवल्यावाचून राहत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेही याच न विचारण्याच्या अटीवर : गुप्तपणे या, बाळंत व्हा, मूल इथे ठेवलेत तरी चालेल. पुढे १८७५ मध्ये पंढरपुरात तशीच संस्था उभी राहिली. नवजात अर्भक कचऱ्यात सापडल्याची बातमी आजही आपण वाचतो. पहाटे पोलिसांनी आणलेले, नाळ दोऱ्यानेही न बांधलेले, अंग गार पडलेले बाळ मी माझ्या तीस वर्षांच्या सेवेत चार वेळा हाती घेतले आहे. त्यातली दोन जगली. त्या भिंतीपुढे उभी असताना मला पंधराव्या शतकातल्या त्या ठरावाची भाषा अजिबात जुनी वाटली नाही.

स्त्रादुन : बाजार, कारभार आणि घशाचा संत

पिले दरवाजापासून बंदराकडे जाणारा रुंद, सरळ रस्ता म्हणजे स्त्रादुन. हीच ती बुजवलेली खाडी. लांबी सुमारे ३०० मीटर. फरशी पावलांनी झिजून अशी गुळगुळीत झाली आहे की संध्याकाळी तिच्यात दिव्यांचे प्रतिबिंब पडते. (पाऊस पडला असेल तर जपून चालावे, सहलीत मनगटाचे हाड मोडलेले अस्थिरोगतज्ज्ञांनाही परवडत नाही.)

रस्त्याच्या पूर्व टोकाला स्पोंझा प्रासाद आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेली ही इमारत म्हणजे जकातघर आणि टांकसाळ. अंगणात जिथे मालाचे वजन होई, त्या कमानीवर लॅटिनमध्ये एक लेख आहे. त्याचा भावार्थ असा : आमची वजने फसवू देत नाहीत, मी माल तोलतो तेव्हा देव मला तोलत असतो. नगराचे सुमारे हजार वर्षांचे दप्तर या इमारतीत जतन केलेले आहे. शेजारीच नगरप्रमुखाचा वाडा. नगरप्रमुखाची मुदत फक्त एक महिन्याची असे. त्या महिन्यात त्याने वाड्यातच राहायचे. सरकारी कामाखेरीज बाहेर पडायचे नाही. सभागृहाच्या दारावर कोरले आहे : खासगी गोष्टी विसरा, सार्वजनिक गोष्टींची काळजी वाहा. आपल्या मंडळाच्या अध्यक्षांना हा नियम लागू करावा असे माझे यजमान म्हणाले. सध्याच्या अध्यक्षांनी हा परिच्छेद संपादित केला नाही याबद्दल आभार.

वाड्यासमोरच्या चौकात सेंट ब्लेझचे चर्च आहे. स्थानिक भाषेत हा स्वेती व्लाहो, या नगराचा ग्रामदेव म्हणावा असा. चौथ्या शतकाच्या आरंभी आर्मेनियातील सेबास्त येथे हुतात्मा झालेला हा बिशप परंपरेनुसार वैद्य होता. माशाचा काटा घशात अडकून गुदमरलेल्या एका मुलाला त्याने वाचवले, अशी कथा आहे. म्हणून तो घशाच्या विकारांचा संत. दरवर्षी ३ फेब्रुवारीला त्याचा उत्सव असतो. धर्मगुरू दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून भाविकांच्या गळ्याला लावतात आणि वर्षभर घसा नीट राहो असा आशीर्वाद देतात. २००९ साली युनेस्कोने या उत्सवाचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. वेदीवर संताची चांदीची, सोन्याचा मुलामा दिलेली मूर्ती आहे. त्याच्या हातावर जुन्या शहराची प्रतिकृती. काटा अडकून ओक्साबोक्शी रडणारी मुले आणि त्यांच्याहून अधिक रडणारे आईबाप आपल्याकडे आठवड्याला एक तरी येतात. गोव्यातल्या बालरोगतज्ज्ञाला याहून जवळचा संत दुसरा कोण असणार?

हा संत गोव्याला परका नाही. जुन्या गोव्याच्या पूर्वेला, कुंभारजुवेच्या खाडीकाठी गवंडाळी गावात साव ब्राझचे, म्हणजे याच सेंट ब्लेझचे, सोळाव्या शतकातील चर्च आहे. रागूसाहून आलेल्या खलाशी-व्यापाऱ्यांच्या वसाहतीशी त्याचा संबंध सांगितला जातो आणि क्रोएशियातील अभ्यासकही त्याच्या शोधात इथे येऊन गेले आहेत. तिथेही फेस्त ३ फेब्रुवारीलाच असते. गवंडाळीहून जुने गोवे हाकेच्या अंतरावर. एके काळी पूर्वेतील श्रीमंत शहरांत गणले गेलेले ते शहर सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या पटकी आणि तापाच्या साथींनी पोखरले. सच्छिद्र जमिनीतून मैला विहिरींत झिरपत होता. व्यापार उतरणीला लागला होताच. लोक घरे सोडून गेले आणि १८४३ साली राजधानीचा मान अधिकृतपणे पणजीला मिळाला. मागे उरली ती चर्च आणि माड. दोन्ही बंदरे एकाच काळातली, समुद्रावर जगणारी. तटबंदीतले हे शहर माणसांनी सोडले नाही. त्याच्या अनेक कारणांपैकी एक पूर्वेच्या दरवाजाबाहेर उभे आहे.

प्लोचे दरवाजा : थांबा, मग या

चौकातून एका कमानीखालून गेले की जुने बंदर लागते. इथून पंधरा मिनिटांच्या होडीने लोक्रुम बेटावर जाता येते. मोर आणि पाइनची झाडे पाहायला ती सहल जरूर करावी. बंदराला उजव्या हाताला ठेवून प्लोचे दरवाजातून बाहेर पडले की दोन-तीन मिनिटांत, समुद्राला लागून, एकासारख्या एक अशा लांबट दगडी इमारतींची रांग दिसते. हे लाझारेती.

२७ जुलै १३७७ रोजी नगराच्या महासभेने केलेला ठराव अगदी थोडक्यात होता. प्लेगग्रस्त प्रदेशातून येणाऱ्याने रागूसात किंवा त्याच्या हद्दीत प्रवेश करू नये. आधी म्रकान या बेटावर किंवा त्सावतात गावात एक महिना काढावा. नगरातल्या कुणीही त्या लोकांकडे जाऊ नये; गेल्यास त्यालाही महिनाभर तिथेच राहावे लागेल. त्यांना अन्न आणि इतर गरजेच्या वस्तू न्यायच्या त्या अधिकाऱ्यांच्या परवानगीनेच. मुदत तीस दिवसांची होती. ती चाळीस दिवसांची पुढे झाली आणि इटालियन भाषेतल्या ‘चाळीस’वरून क्वारंटाइन हा शब्द आला. व्हेनिसने १४२३ साली प्लेगच्या रुग्णांसाठी बेटावर कायमचे रुग्णालय उभारले. दुब्रोव्हनिकचा ठराव त्याच्या सेहेचाळीस वर्षे आधीचा आणि तो अजून आजारी न पडलेल्या माणसांसाठी होता. संशयित आणि रुग्ण यांत फरक करणे ही त्यातली खरी नवी गोष्ट.

आज आपण जाणतो की प्लेगचा अधिशयन काळ बहुधा एका आठवड्याच्या आतला असतो. १८९४ साली हाँगकाँगमध्ये येर्सिनने जंतू शोधला. १८९८ साली कराचीत सिमाँने उंदरावरच्या पिसवेचा संबंध दाखवला. १३७७ च्या सभासदांना यातले काहीही ठाऊक नव्हते. त्यांच्यापाशी एकोणतीस वर्षांपूर्वीच्या महामारीची आठवण होती आणि व्यापाऱ्याचे निरीक्षण होते : रोग माणसांबरोबर आणि मालाबरोबर येतो आणि पुरेसा वेळ दिला तर आपले रूप दाखवतो. बंदर बंद करणे त्यांना परवडणारे नव्हते. म्हणून त्यांनी बंदराला वेळेचा उंबरठा घातला.

या ठरावाचे गुणगान करताना म्रकान बेट विसरू नये. आम्ही ते त्सावतातच्या किनाऱ्यावरून पाहिले : जवळजवळ उघडा खडक. सुरुवातीच्या काळात तिथे थांबणाऱ्याने ऊन, वारा, पाऊस कसा सोसला असेल? नियम मोडणाऱ्यांना शिक्षाही कठोर होत्या. साथी थांबल्या असेही नाही. १५२६-२७ मध्ये शहरात प्लेगने हाहाकार माजवला. परंतु शिकत जाण्याची वृत्ती या कारभारात दिसते. १३९० च्या दशकात खास आरोग्य अधिकारी नेमले गेले. विलगीकरणाची जागा बेटावरून हळूहळू शहराजवळ आली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस प्लोचे दरवाजाबाहेर लाझारेतींचे काम सुरू झाले आणि सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते पुरे झाले. बोस्नियातून डोंगर उतरून येणारे ऑटोमन व्यापाऱ्यांचे तांडे याच बाजूने येत. दहा दालने, त्यांच्या मध्ये पाच अंगणे, पहारेकऱ्यांच्या चौक्या, माल उघडून हवा देण्याची जागा आणि व्यापाऱ्यांचे तंटे पाहणाऱ्या ऑटोमन अधिकाऱ्याचे घर. थांबवलेल्या माणसाच्या डोक्यावर आता छप्पर होते आणि त्याच्या भाषेत बोलणारा, त्याची बाजू मांडणारा कुणीतरी जवळ होता.

ठराव एका दिवसात झाला. माणसाला माणसासारखे थांबता येईल अशी जागा उभी राहायला अडीचशेहून अधिक वर्षे लागली. १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगची आठवण मराठी मनात अजून सलते. रोगापेक्षाही घरात घुसणाऱ्या सोजिरांची आणि रस्त्यावर फेकलेल्या भांड्याकुंड्यांची. त्याच साथीत आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवणाऱ्या सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. वेगळे ठेवणे या एकाच कृतीची ही दोन टोके.

लाझारेतीच्या एका अंगणातल्या दगडी कट्ट्यावर मी बराच वेळ बसले होते. २०२० च्या उन्हाळ्यात आमच्या रुग्णालयात बाधित मातेपासून तिचे नवजात बाळ वेगळ्या खोलीत ठेवलेले असे. आमच्या परिचारिका भ्रमणध्वनीवर बाळाचे चित्र काढून काचेपलीकडच्या आईला दाखवत. एका आईने नऊ दिवस आपले बाळ फक्त असे पाहिले. दहाव्या दिवशी तिने ते हातात घेतले तेव्हा आधी त्याची बोटे मोजली. पुढे ज्ञान वाढले, मुखपट्टी लावून स्तनपान सुरू झाले आणि त्या दोन खोल्यांची एक खोली झाली. आमच्याकडे त्याला काही महिने लागले. साथीच्या नियमावल्या पुन्हा लिहिण्याची वेळ येईलच. तेव्हा मुदत किती दिवसांची हा प्रश्न विचारला जाईल. अन्न कोण नेणार, बाळ कुणाजवळ असणार, हे प्रश्नही त्याच कागदावर, त्याच दिवशी लिहिलेले असावेत, इतकेच त्या अंगणात मनाशी पक्के केले.

तटावरून

शेवटचा दिवस तटबंदीसाठी राखून ठेवावा. तट १,९४० मीटर लांब आणि काही ठिकाणी २५ मीटर उंच आहे. शहराचा पास घेतला की तट आणि अनेक संग्रहालये एकाच तिकिटात पाहता येतात. दोन तास हाताशी ठेवावेत, पाणी न्यावे, सकाळी उघडताच चढावे आणि गुडघ्यांचा सल्ला आधीच घ्यावा. पायऱ्या पुष्कळ आहेत.

वरून पाहिले की छपरांचे दोन रंग दिसतात : थोडी जुनी, फिकट, डागाळलेली कौले आणि बहुसंख्य नवी, एकसारखी तांबडी. १ ऑक्टोबर १९९१ रोजी युगोस्लाव्ह सैन्याने शहरावर हल्ला सुरू केला. पाणी आणि वीज तुटली. १९७९ पासून जागतिक वारसा असलेल्या या शहरावर सर्वांत भीषण मारा झाला तो ६ डिसेंबर १९९१ रोजी. तो सेंट निकोलसचा दिवस; त्या प्रदेशात लहान मुलांना भेटवस्तू मिळण्याचा. त्या वेढ्यात जुन्या शहरातल्या सुमारे दोन-तृतीयांश इमारतींना तोफगोळे लागले. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने पुढे याबद्दल सेनाधिकाऱ्यांना दोषी ठरवले. स्पोंझा प्रासादातील एका खोलीत शहराच्या रक्षणात मरण पावलेल्यांची छायाचित्रे आहेत. बरेच चेहरे विशी-पंचविशीतले.

हे शहर त्याआधीही एकदा कोसळले होते. ६ एप्रिल १६६७ च्या सकाळी झालेल्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत हजारो माणसे, खुद्द नगरप्रमुखही, मरण पावली. आज दिसणारी स्त्रादुनवरची एकसारखी घरे त्यानंतरची. त्या ढिगाऱ्यांत पुढच्याच वर्षी जन्मलेला आणि लहानपणीच पोरका झालेला एक मुलगा इटलीत एका डॉक्टरच्या घरी वाढला. तोच जॉर्जो बाल्यिव्ही. रोममध्ये शरीरशास्त्राचा प्राध्यापक झालेला आणि ग्रंथांतल्या तर्कापेक्षा रुग्णाच्या खाटेजवळचे निरीक्षण श्रेष्ठ मानणारा वैद्य. पोरक्या मुलाला घर मिळाले तर काय होऊ शकते याचे उदाहरण या शहराला शोधायला दूर जावे लागत नाही.

आजचा पेच

प्लेग, भूकंप आणि तोफा पचवलेल्या या शहरापुढचा आजचा पेच म्हणजे आपण, पाहुणे. १९९१ मध्ये तटाच्या आत सुमारे पाच हजार लोक राहत होते. आज दीड हजारही उरलेले नाहीत. घरे पर्यटकांना भाड्याने देणे अधिक लाभाचे झाले. वाण्याच्या दुकानांच्या जागी स्मरणवस्तूंची दुकाने आली. ग्रुझ बंदरात उतरणाऱ्या प्रवासी जहाजांची गर्दी इतकी वाढली की २०१९ पासून जहाजांच्या संख्येवर आणि वेळांवर बंधने घालावी लागली. येणाऱ्याला परतवायचे नाही, पण एकदम आत घ्यायचे नाही. साडेसहाशे वर्षांपूर्वीचेच सूत्र. कांदोळी-कळंगुटच्या लोकांना हा पेच समजावून सांगण्याची गरज नाही.

तेव्हा जहाजातून चार तासांसाठी उतरण्यापेक्षा तीन-चार रात्री राहावे. दुपारच्या गर्दीत लोक्रुमला किंवा त्सावतातला जावे. सर्ज डोंगरावर पाळण्यातून चढून सूर्यास्त पाहावा. १९९१ मध्ये उद्ध्वस्त झालेला तो पाळणा २०१० पासून पुन्हा सुरू आहे. गल्लीतल्या घरांच्या पायऱ्यांवर बसून जेवू नये आणि रात्री आवाज बेताचा ठेवावा. दोरीवर वाळत घातलेले दुपटे दिसले तर समजावे की या घरात अजून बाळ आहे. संध्याकाळी जुन्या बंदराच्या पोर्पोरेला धक्क्यावर स्थानिक मुले पाण्यात सूर मारत असतात. त्यांची संख्या किती आहे हे मोजण्याचा मोह मला आवरला नाही. एका संध्याकाळी अकरा होती.

दुब्रोव्हनिकचा योग यायचा तेव्हा येईल. तोवर येत्या ३ फेब्रुवारीला सवड काढून गवंडाळीच्या फेस्ताला जाऊन यावे. आपल्या गावापासून तासाभराचाही रस्ता नाही. परतताना जुन्या गोव्याच्या ओस पडलेल्या रस्त्यांवरून मुलांना थोडे पायी फिरवावे आणि इथे कधीकाळी एक मोठे शहर नांदत होते हे त्यांना सांगावे. ते कुठे गेले, असे मुले विचारतील. उत्तर देण्यासाठी त्यांच्याबरोबर एखादा डॉक्टर असलेला बरा.